दाराजवळच्या खुंटीवरचा कोट

मी एक जुना लोकरीचा कोट आहे. चांगलाच जुना, कोपरांना ठिगळं आहेत आणि खिसा एकच उरलाय.

मला करणारी बाई तेव्हा स्वेटरच्या कारखान्यात बाह्या जोडायची. घरी आली की उसवलेल्या स्वेटरांची लोकर रंगवून मला विणत बसायची. माझ्या पाठीवर तिने नांगरलेलं शेत विणलं. नवरा म्हणायचा, "अगं, हा कोट आहे की गालिचा?" ती ते हसण्यावारी न्यायची.

ती मला पहिल्यांदा एका चित्रप्रदर्शनात घेऊन गेली, तिथे मात्र तिचं तोंड उतरलं. संयोजक म्हणाले, "बाई, इथे कला मांडतात. कपडे बाजारात विका." मला खुर्चीवर टाकून ती बाहेर निघून गेली. सोबत आलेल्या मावशीला थंडी वाजत होती. तिने मला सरळ अंगात घातलं आणि ती चित्रं बघत फिरू लागली. माणसं चित्रं सोडून तिच्या मागे!

"जरा वळता का?"

"मी काय नवरी आहे?" मावशी म्हणाली. "करणारी बाहेर उभी आहे, तिला विचारा."

संयोजकांनाच तिला आत बोलवावं लागलं.

मित्रांनो, तिथून तिचा जम बसला. कारखाना सुटला, हाताखाली बायका आल्या. तिचे कोट घालून कुणी रंगमंचावर गेलं, कुणी दवाखान्यात. मी 'पहिला कोट', म्हणून मला पेटीत ठेवलं. मान मोठा, पण सोबतीला लोकर खाणारी कसर. बऱ्याच वर्षांनी एका मोठ्या प्रदर्शनासाठी पेटी उघडली, तेव्हा माझी बाही तिच्या हातातच आली. तिने कसरीने पाडलेली भोकं बोटांनी चाचपली.

"जपून जपून घालवला मी याला."

मग तिने बाही पुन्हा जोडली आणि भोकं केशरी लोकरीने भरली, मुद्दाम दिसतील अशी. प्रदर्शनानंतर मला कायमचं काचेत ठेवायचं म्हणून संग्रहालयाचे लोक आले.

"लोकांचे हात लागून खराब होईल हो," ते म्हणाले.

"होऊ दे," ती म्हणाली.

आता मी कामाच्या खोलीत दाराजवळ असतो. लोकर वाळत घालायला जी बाहेर निघते, ती मला अंगावर चढवते. परवा मनगटावर निळा रंग सांडला. बाईने पाहिलं, "शोभतोय," म्हणाली आणि कामाला लागली.

मित्रांनो, तुमच्याही कपाटात कुणीतरी घडी घालून बसलं असेल. त्याला ऊन दाखवा. उसवलं तर टाका घाला. आणि अंगात घाला. रिकाम्या कोटाला ऊब कुठून येणार?