रतिबाची रिकामी किटली

हे मी सांगायचं नव्हतं. घरातल्या दोन बायकांमध्येच राहायची ती गोष्ट होती, आणि तिसरी मी. मला तोंड आहे ते दूध ओतण्यापुरतं, असं सगळे समजतात. पण त्या दोघींपैकी एकीनं सगळ्यांसमोर हात झटकले आणि दुसरी गप्प बसली. मग सांगायला उरले मीच.

मी दुधाची किटली बोलतेय. वडगाव निंबाळकरच्या शिवारात, कालव्याच्या खालच्या अंगाला उसात लपलेली एक वस्ती आहे. तिथल्या गोठ्याच्या भिंतीवर एक खिळा आहे. तीच माझी जागा.

मला या घरच्या महिपतीरावांनी बारामतीच्या भांड्यांच्या दुकानातून आणलं. दुकानदारानं माझ्या गळ्याखाली मशीननं त्यांचं नाव कोरलं. ती सुई टोचत होती तेव्हा मला वाटलं, आता आपण कुणाच्या तरी झालो. महिपतीराव रोज सकाळी मला घेऊन गावात रतीब घालायला जायचे. दारोदारी मापानं दूध ओतायचे आणि वर थोडंसं जास्तीचं घालायचे. ते वरचं दूध घेताना बायका हसायच्या. मला तो क्षण आवडायचा.

पुढं गावात पिशवीतलं दूध आलं आणि एकेक रतीब सुटला. महिपतीराव वारले. त्यांचा मुलगा सुयोग मोठ्या कॅनमधून दूध मोटारसायकलवर डेअरीला नेऊ लागला. मग माझ्यात कुणी खिळे ठेवले, कुणी गायींसाठी आणलेलं मीठ. माझ्या बुडाशी गंजाचे दोन डाग पडले. स्टीलला गंज चढत नाही म्हणतात, पण मीठ रोज पोटात असलं की चढतो.

गोठ्यातून समोरच स्वयंपाकघराचं दार दिसतं, त्यामुळं मला त्या घरातलं जेवण रोज दिसायचं. सगळ्यात शेवटी जेवायची वृषाली, सुयोगची बायको. आधी सुयोग, मग पोरं, मग सासू लीलाबाई. वृषाली ताट वाढून घ्यायचीच नाही. ती पातेली पुढ्यात घ्यायची. सकाळची अर्धी भाकरी, पोरांनी टाकलेला भात, तळाशी राहिलेली आमटी, कुणाच्या तरी ताटातला शिरा. टाकायचं कसं, म्हणून सगळं ती संपवायची. भूक असो वा नसो. लोक तिला जाड म्हणायचे, खादाड म्हणायचे. तिला स्वतःसाठी काही वाढून घेताना मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

तिचं माहेर निमगाव केतकीचं. तिची आई, सिंधुबाई, हिचा एक पाय साखरेच्या आजारानं कापावा लागला. वृषाली ते बघून माहेराहून परत आली. तिलाही दम लागायचा, गुडघे धरायचे. सुयोगनं तिला बारामतीला डॉक्टरांना दाखवलं. आल्यावर तिनं अंगणात बसून लीलाबाईंना सांगितलं. सासूला ती आत्या म्हणते.

"साखर अजून काठावर हाय म्हणाले, आत्या. आत्ता गोळी न्हाय दिली. रोज चाला, ताटातलं बदला, वजन हळूहळू उतरवा. आणि ही सवय जन्मभर ठेवा, मधी सोडू नका म्हणाले."

"चालायला काय? दिवसभर पायाला भिंगरी हायच की तुझ्या."

"तसं न्हाय. एका दमात, भरभर चालायचं. कालव्यापर्यंत जाऊन येईन म्हणते."

"रस्त्यानं? रिकाम्या हातानं?" लीलाबाई म्हणाल्या. "लोक म्हणतील, महिपतीरावांच्या सुनंला घरात काम न्हाय."

मग त्या उठल्या, गोठ्यात आल्या, माझ्यातलं मीठ दुसऱ्या डब्यात ओतलं आणि मला वृषालीच्या हातात दिलं. "ही घे. कुणी इचारलं तर म्हण, रतिबाला चाललीया. किटली असली की बाई कामाची दिसती. सुयोगला काय बोलू नको, आपल्या दोघीतच ठेव."

त्यांनी हे मायेनंच केलं होतं, असं मला अजूनही वाटतं.

रिकामी किटली चालताना वाजते, म्हणून वृषालीनं माझ्या पोटात एक जुनं फडकं कोंबलं. आणि आम्ही निघालो.

तुमच्या गावाचं मला माहीत नाही, पण आमच्याकडं नुसतं चालणाऱ्या बाईला रस्ता सोडत नाही. "कुठं निघालीस गं?" हे पहिल्या बांधावर. "सुयोग न्हाय का घरी?" हे दुसऱ्या. आणि मागून येणारी प्रत्येक मोटारसायकल थांबते. "बसा वहिनी, सोडतो." वृषाली मला थोडी वर उचलून दाखवायची. मग प्रश्न थांबायचे. त्याच रस्त्यानं कारखान्यातून निवृत्त झालेले दादासाहेब पांढरे बूट घालून, हात हलवत चालायचे. त्यांना सगळे रामराम घालायचे, "फिरायला का?" म्हणायचे. त्यांच्या हातात काहीच नसायचं.

पहिले काही दिवस ती कालव्याच्या पुलाच्या अलीकडंच बसायची. माझ्या कडीला तिच्या तळहाताचा घाम लागायचा. हळूहळू पूल आला. मग पुलाच्या पलीकडचं लिंबाचं झाड आलं. एक दिवस तिथं पोहोचल्यावर ती बसलीच नाही, उभ्या उभ्या पदरानं तोंड पुसून मागं फिरली.

ताटही बदललं. ती आता पोरांबरोबर जेवायला बसू लागली, स्वतःचं ताट वाढून घेऊन. आधी भाजी, काकडी, मुळा, मग एक भाकरी, मग थोडा भात. चहा बिनसाखरेचा. साखर कारखान्याच्या सभासदाची स्वस्तातली साखर घरात पोत्यानं येते, आपल्याच उसाची. ती नको म्हणणं म्हणजे घरालाच नको म्हणण्यासारखं. पाहुणे आले की ती चुलीशी तोंड करून पटकन बिनसाखरेचा पिऊन टाकायची. उरलेलं अन्न ती गायींच्या घमेल्यात टाकू लागली.

"अन्नाचा माज आलाय गं तुला," लीलाबाई म्हणाल्या.

"मग माझं पोट म्हंजी काय घमेलं हाय का आत्या?"

बोलून गेल्यावर वृषाली स्वतःच दचकली. पण लीलाबाई हसल्या. बराच वेळ हसत होत्या. त्या दिवशी त्या दोघी मला मायलेकींसारख्या दिसल्या.

कळसला एका लग्नात तिनं पोटभर जिलेबी खाल्ली. मला वाटलं, संपलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठरल्या वेळेला खिळ्याशी आली. "काल खाल्लं ते खाल्लं," असं माझ्याकडं बघत म्हणाली आणि मला काढलं. जत्रा झाली, ऊसतोड आली, पोरांच्या परीक्षा झाल्या. एखादा दिवस चुकायचा, पण दुसरा ती चुकवायची नाही. तिच्या बांगड्या मनगटावरून मागं सरकू लागल्या. ब्लाऊजना आतून शिलाई घालावी लागली. पुन्हा रक्त तपासलं तेव्हा साखर काठावरून मागं आली होती. डॉक्टरांनी म्हणे तिलाच विचारलं, कसं जमवलंत? ती म्हणाली, "चालते." किटलीचं तिनं तिथंही सांगितलं नाही.

बाई जाड होती तेव्हा लोक हसायचे. बारीक झाली तेव्हा चौकशा करू लागले. शेजारच्या वस्तीवरची भागूबाई गिरणीत चारचौघींसमोर म्हणाली, "लीलाबाई, सून लईच वाळली की. जेवायला घालता न्हवं?" लीलाबाई दळण घेऊन आल्या त्या कपाळाला आठी घालूनच. त्यानंतर त्या वृषालीच्या ताटात न विचारता दुसरी भाकरी टाकू लागल्या. ती गुपचूप बाजूला ठेवायची.

मग तो दिवस आला. पुलाच्या अलीकडं सुयोगचा चुलतभाऊ दत्तोबा मागून आला. त्याच्या मोटारसायकलला दोन्ही बाजूंना भरलेले कॅन होते.

"बसा म्हणावं तर जागा न्हाय वहिनी. किटली तरी द्या. डेअरीत घालतो."

"नको भाऊजी. जवळच जायचंय."

"रोज बघतोय मी. एवढं ओझं घिऊन चालता तुमी. सुयोगला लाज वाटाय पायजे. आना हिकडं."

"खरंच नको. राहू द्या."

"आता काय परक्यागत करता," असं म्हणत त्यानं मला तिच्या हातातून घेतलंच. "हलकी हाय की."

"आज गायीनं कमी दिलं," वृषाली म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही. दत्तोबानं मला हँडलला अडकवलं आणि गाडी सोडली. ती मागून पळत होती. आधी तिला चार पावलं पळता आलं नसतं. त्या दिवशी ती पुष्कळ लांब पळाली, पण गाडीला गाठणार कशी?

डेअरीत रांग होती. माप घेणाऱ्यानं माझं झाकण काढलं, आत पाहिलं, आणि दोन बोटांनी ते फडकं सगळ्यांसमोर बाहेर काढलं. मग एकजण म्हणाला, "दत्तोबा, कुणाचं दूध हाय हे? लई घट्ट हाय." सगळे हसले. दत्तोबा हसला नाही. त्यानं फडकं घडी करून माझ्यात घातलं. तो वाईट माणूस नाही. पण हसणं त्याच्या आधीच गावात पोहोचलं, आणि वाटेत त्याचं काहीतरी दुसरंच झालं. रिकामी किटली घेऊन बाई रोज कालव्यावर जाते. कशाला? कुणाकडं?

संध्याकाळी भागूबाई अंगणात येऊन बसली. सुयोग आधीच ऐकून आला होता. लीलाबाई तांदूळ निवडत होत्या. दत्तोबानं आणून ठेवलेली मी ओट्यावर, सगळ्यांच्या मधे.

"लीलाबाई, तुमाला ठावं होतं का हे?" भागूबाईनं विचारलं.

लीलाबाईंनी सुपातला एक खडा बाजूला टाकला. "मला काय ठावं? मला म्हणायची, रतिबाला जाते. मी म्हणलं, जात आसंल."

वृषालीनं मान वर केली. लीलाबाईंनी केली नाही.

सुयोग म्हणाला, "खरं काय ते सांग. कुठं जात होतीस?"

"चालायला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच."

"मग किटली कशाला?"

ती सासूकडं पाहत राहिली. एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. पण परक्या बाईसमोर सासूला खोटं पाडायचं तिच्यानं झालं नाही. की सासूच काहीतरी बोलेल म्हणून ती थांबली होती, कोण जाणे. तांदूळ निवडून झाले. भागूबाई चहा घेऊन गेली.

"चालू नको असं मी म्हणत न्हाय," सुयोग नंतर म्हणाला. "अंगणात चाल की. गोठ्याभोवती चाल. रस्त्यानं आता नको."

दुसऱ्या दिवशी लीलाबाईंनी मला राखेनं घासलं, बुडाचे डाग निघेपर्यंत. माझ्यात दूध भरलं आणि गावातल्या शिक्षकांच्या घरी रतीब सुरू करून दिला. "आता कोण म्हणंल रिकामी?" त्या म्हणाल्या. तेव्हापासून मी भरलेली जाते, सुयोगच्या मोटारसायकलवर.

वृषाली गोठ्याभोवती फेऱ्या मारू लागली. गायी मान वळवून बघायच्या, लीलाबाई म्हणायच्या, "बस की आता, मला भोवळ यायला लागली." एका सकाळी ती काहीच न घेता बाहेर पडली. रतीब घालून येताना आम्हाला ती पुलाजवळ दिसली, दोन्ही हात मोकळे, भरभर चाललेली. सुयोगनं गाडी तिच्यापुढं उभी केली. ओरडला नाही. "बस मागं," एवढंच म्हणाला. लिंबाखाली दोन माणसं बघत उभी होती. ती बसली. मी तिच्या मांडीवर होते. तिचे हात माझ्या कडीवर होते, पण त्या हातांत पकड नव्हती.

त्यानंतर फेऱ्या हळूहळू सुटल्या. पातेली पुन्हा तिच्या पुढ्यात आली. साखर पुन्हा चढली, आणि या खेपेला गोळ्या चालू झाल्या.

आणि गोळ्यांचं मात्र घरात कौतुक आहे. लीलाबाई स्वतः गोळी काढून देतात, पाण्याचा तांब्या पुढं करतात, एक वेळ चुकवत नाहीत. आल्यागेल्याला सांगतात, "सुनंच्या गोळ्या मीच बघते." परवा भागूबाई म्हणाली, "सासू असावी तर अशी." मग चहा आला. वृषालीनं आपला बिनसाखरेचा वेगळा ठेवला होता. लीलाबाईंनी त्यात चमचाभर साखर घातली आणि प्रेमानं ढवळून दिली. "आता गोळी चालू हाय न्हवं. घे वाईच गोड."

वृषालीनं कप घेतला आणि सगळा प्यायली.

"आता बरं वाटतंय न्हवं?" भागूबाईनं विचारलं.

"व्हय," ती म्हणाली.

गोळी घेणारी बाई सगळ्यांना कळते. चालणारी कुणाला कळली नाही. माझ्याकडून एवढंच झालं की मी तिच्या हातात राहिले. खरं तर मी तिच्या हातात नसते तर बरं झालं असतं. चार दिवस लोक बोलले असते, मग दादासाहेबांसारखी त्यांना तीही सवयीची झाली असती.

लीलाबाई हाक मारतायत. "वृषाली, किटली आण गं, सुयोग खोळंबलाय." तिची पावलं गोठ्याकडं येतायत, सावकाश, मधे दारापाशी थांबून. मला आता जावं लागेल. जाता जाता एक सांगते. तुमच्या घरातली कुणी उद्या पायात चप्पल घालून उंबऱ्याशी उभी राहिली, तर तिच्या हातात काही देऊ नका, काही विचारू नका. तिला नुसतं चालू द्या.