सहा तोंडं, एक शिट्टी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी शिट्टी हाय. मी वाजले की सोनपेठ तालुक्यातला कसलाबी पैलवान जागच्या जागी थांबतो. एवढा अधिकार कलेक्टरलाबी न्हाई! फक्त मला कोणाचं तोंड लागावं, हे मला कोणी विचारत न्हाई.

विद्यापीठाच्या नामांतराच्या भांडणाचे दिवस होते. कबड्डीच्या स्पर्धेला आसपासच्या गावांतून सहा जण पंचगिरी शिकायला आले. हरेकानं एक पुरा सामना चालवायचा, मंग मुख्य पंच किशनराव कागदावर सही करणार. सहीबिगर प्रमाणपत्र न्हाई. आन् शिट्टी एकच, मी.

पाच पोरांनी मला फुंकलं. बन्सीधरच्या तोंडात तंबाखू, दुसऱ्याच्या कांदाभजी. कोणी मला पुसलंसुद्धा न्हाई. सहावी धुरपता. वेशीबाहेरच्या वस्तीतली. नियम तिला सगळ्यांपेक्षा पाठ, पण दोन दिवस तिला नुसत्या चुन्याच्या रेषा मारायला लावल्या. पाण्याच्या माठाकडं तर धाडायची सोयच नव्हती.

तिचा सामना आला, तसे किशनराव म्हणाले, "पोरी, तू नुसता हात वर कर. फुंक बन्सीधर मारंल."

"सर, आउट मी द्यायचा आन् फुंक यानं मारायची? मंग सही कोणाच्या कागदावर?"

"लय कायदा नको शिकवू!"

सामना सुरू झाला. धुरपतानं हात वर केला. बन्सीधर भज्याच्या गाड्याकडं बघत उभा. आउट झालेला गडी पाणी पिऊन परत चढाईला आला, तरी मी गप्पच! शेवटी तिनं बन्सीधरच्या गळ्यातून मला ओढलं आन् फुंकलं. सगळं मैदान थांबलं.

"हा सामना धरायचा न्हाई!" किशनराव वरडले. "आन् ती शिट्टी उकळून आणा!"

चहावाल्यानं मला पातेल्यात तासभर उकळलं. माझ्या पोटातली बुचाची गोळी फुगून अडकली. फायनलला खुद्द किशनरावांनी मला फुंकलं. फुस्स! गाल लाल झाले, पण कोणी थांबंना. एका गड्यामागं सात जण पळत मैदानाबाहेर गेले, थेट पाहुण्यांच्या मंडपात. मंडप खाली आला.

तवा धुरपतानं दोन बोटं तोंडात घातली. अशी शिट्टी घुमली की मंडपाखालचे पाहुणेबी वरडायचे थांबले.

"आता हिलाच चालवू द्या," खेळाडू म्हणाले. तिनं फायनल चालवली. दोन्ही कप्तान तिचा कागद घेऊन किशनरावांपुढं उभे राहिले, तवा कुठं सही झाली.

मित्रांनो, शिट्टी उकळायचीच तर सहाही तोंडांनंतर उकळा. न्हाईतर शिकायला आलेल्या हरेकाच्या हातात तशीच द्या.

पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत किशनरावांनीबी तोंडात दोन बोटं घालून पाहिली. त्यांची कवळी मध्यरेषेवर पडली आन् तिच्यावर एका गड्याचा पाय पडला.