बोरीच्या पुरातलं पान

बोरी नदीला पूर आला त्या सकाळी श्रीशैलला किती आनंद झाला होता, ते अक्षतानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

भवानी पेठेत कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत त्याची बातम्यांची वेबसाइट चालायची. मालक तो, संपादक तो, बाहेरच्या फलकावर फोटोही त्याचाच. काम मात्र सगळं अक्षता करायची. रोज एका वेळी दोन-तीनशे वाचक असायचे. त्या दिवशी दहा वाजता नऊ हजार झाले आणि साइट बंद पडली.

"लोक तुटून पडलेत की!" श्रीशैल हात चोळत म्हणाला.

"पण आत कुणालाच येता येईना. कुठले रस्ते बंद, एवढंच बघायचंय त्यांना. जाहिराती, व्हिडिओ, फोटो सगळं काढते. नुसती यादी ठेवते."

"आज काढायच्या? अगं, असा दिवस वर्षातनं एकदा येतोय. उलट साडीवाल्यांचा व्हिडिओ आधी लाव. तो बघितल्याबिगर बातमी उघडायची न्हाय."

नदीकाठी माणसं धान्याची पोती माळ्यावर चढवत होती आणि हा त्यांना साड्या दाखवणार होता. तरी अक्षतानं व्हिडिओ लावला. वाचकही काही कमी उतावळे नव्हते. पान उघडलं नाही की पुन्हा दाबायचे, पुन्हा दाबायचे. एकेकजण दहा जणांचा भार टाकत होता.

तेवढ्यात फोन वाजला. मैंदर्गीची बसव्वा नावाची बाई बोलत होती.

"ताई, सुनंला कळा सुरू झाल्यात. गाडी दारात हाय. अक्कलकोटला जाता येतंय का? तुमच्या मोबाइलच्या पेपरात नुसतं गोल फिरतंय, न्हायतर साडी दिसतीय."

तहसीलमधून आलेला कागद अक्षतासमोरच होता. "अक्कलकोटकडं जाऊ नका, पुलावर पाणी आहे. दुधनीकडचा रस्ता चालू आहे."

"दुधनी. व्हय," म्हणून बसव्वानं फोन ठेवला.

श्रीशैल आतल्या खोलीत केस विंचरत होता. पुरावर बोलतानाचा व्हिडिओ काढायचा होता त्याला. अक्षतानं त्याला न विचारता सगळं उडवलं. पांढऱ्या पानावर काळ्या अक्षरात चौदा ओळी राहिल्या: कुठला रस्ता बंद, कुठला चालू. पान दोन सेकंदांत उघडू लागलं. लोकांनी त्याचे फोटो काढून गावच्या ग्रुपांवर टाकले आणि गर्दी आपोआप ओसरली.

दुपारी साडीवाल्यांचा फोन आला, तेव्हा श्रीशैलला पत्ता लागला. तो तासभर ओरडला. मग त्याच पानाचं कौतुक करणारे मेसेज आले, तसा कॅमेऱ्यासमोर उभा राहून म्हणाला, "संकटात जाहिराती बाजूला ठेवायचा निर्णय मी घेतला."

संध्याकाळी बसव्वाचा पुन्हा फोन आला. दुधनीला नात झाली होती. श्रीशैल धावत आला.

"नंबर दे. बाळंतिणीचा व्हिडिओ पायजे. बाळ पाण्यात भिजल्यालं दाखवू."

"बाळ भिजलं नाही."

"म्हणून काय झालं?"

अक्षतानं फोनमधून बसव्वाचा नंबर पुसून टाकला. श्रीशैलनं इंटरनेटवरून कुठलंसं ओलं बाळ उचललं आणि बातमी केली. रस्त्यांच्या यादीपेक्षा चौपट लोकांनी ती वाचली. शेकडो जणांनी खाली हात जोडले. हे बाळ कुणाचं, असं एकानंही विचारलं नाही.

अक्षतानं सगळ्या कमेंट्स शेवटपर्यंत वाचल्या. मग एका ओळीचा राजीनामा श्रीशैलच्या टेबलावर ठेवून ती जिना उतरली.