टॉप मॉडेलचा आग्रह

गाड्यांच्या शोरूममधल्या टायवाल्या पोराने बायकोसमोर बिनसाखरेची कॉफी ठेवली आणि नवऱ्याच्या मनात पाल चुकचुकली. साखर हवी का नको, कुणी विचारलंच नव्हतं. मग याला कळलं कसं?

उभा जन्म बस चालवून तो नुकताच निवृत्त झाला होता. पाठीमागे सतत अख्खं गाव बसलेलं. आता त्याला हवी होती दोन दारांची, बुटकी स्पोर्ट्स कार, जिच्यात तिसऱ्या माणसाला जागाच नाही. झेपेल अशी ही एकच होती, पण तिच्यातही बेस, मिडल आणि टॉप. इंजिन तिन्हींत तेच.

"मग टॉपमध्ये जास्तीचं काय?"

"मोठा स्क्रीन, काका. मागे पंख."

"उडायचं नाहीये मला."

"सीटसुद्धा गरम होते. शिवाय ऑटोमॅटिक गिअर, काकू म्हणतच होत्या..." पोराने जीभ चावली आणि बेसची किल्ली आणायला म्हणून तो सटकला.

"टॉपच घेऊ या ना," बायको कॉफीवर फुंकर घालत म्हणाली. एका पिशवीसाठी दुकानदाराशी हुज्जत घालणारी ही बाई! काहीतरी साटंलोटं आहे, नक्की. पोरगा हिच्या माहेरकडचा तर नाही?

पोराने बेसचं दार उघडून दिलं. दोघं आत बसली, दार लागलं, तसं तो म्हणाला, "तू इथे आधी आली होतीस."

"आले होते. परवा."

"कशाला?"

"क्लच नसलेली मिळते का बघायला."

"अगं, जन्मभर क्लचच दाबला मी."

"म्हणूनच. जिन्यात मला मुद्दाम पुढे पाठवता. डावा पाय हाताने उचलून पायरीवर ठेवता, तो आवाज कळतो हो मला."

 त्याने क्लचवर पाय ठेवून दाबला. पेडल अर्ध्यावर गेलं आणि अडलं. त्याने गुडघ्यावर तळवा ठेवून जोर लावला. पाय थरथरायला लागला. बायको खिडकीबाहेरचा मिडलच्या किमतीचा फलक मन लावून वाचत होती.

"कशी वाटली, काका?" पोराने वाकून विचारलं.

"गाडी फक्कड आहे. पण हिला गरम सीट पाहिजे म्हणते."

"हो ना," ती लगेच म्हणाली. "माझी कंबर धरते."

आजवर तिची कंबर एकदाही धरली नव्हती.

टॉपची चक्कर मारायला दोघंच निघाली. पहिल्या सिग्नलला गाडी थांबवताना त्याचा डावा पाय आपसूक उचलला गेला आणि नुसत्या गालिच्यावर दाबला गेला. हिने पाहिलं की काय, म्हणून त्याने हळूच नजर टाकली.

ती समोर बघत होती. "सुटला सिग्नल," म्हणाली.