गांजाच्या खुंटावर हॉपची वेल

ऐका, सुरी बोलतेय. कांदा चिरायची नव्हे, कलमं बांधायची. माझं पातं मुठीत मिटतं आणि मूठ आलुबुखाराच्या लाकडाची आहे. कधी हातात घेतलंत तर आधी त्या मुठीवरून अंगठा फिरवा. तिथं काय लागतं ते सांगायलाच बसलेय.

मी तुमच्यापासून फार दूरच्या, बाच्का नावाच्या सपाट मुलखातली. गवत कापायचं लांब पातं मोडलं, त्याच्या तुकड्यातून गावच्या लोहारानं मला घडवलं. आधी मी ज्युराच्या बापाच्या खिशात होते, मग ज्युराच्या. त्या काळी इथं घरोघर भांग पेरायचे. तिचे देठ डबक्यात भिजवायचे, वाख सोलायचा, त्याचे दोर नि चादरी व्हायच्या. आणि बांधापलीकडे हॉपचे उंच मांडव. बिअरला कडूपणा आणते ना, तीच ही वेल. भांग आणि हॉप सख्ख्या बहिणी, पानं हुंगून बघ, असं ज्युराचा बाप सांगायचा. पुढं भांगेची शेतं गेली, कायदा आला, आणि त्याच जातीचं गांजाचं झाड परसात दिसलं तरी पोलीस दारात उभा राहायला लागला. हॉप मात्र राहिला. आमच्या गल्लीत हॉपची वेल नाही अशी भिंत सापडायची नाही.

ज्युरानं माझ्याकडून किती झाडं बांधली म्हणून सांगू! रानटी नासपतीच्या खुंटावर गोड नासपती, कडू चेरीवर गोड चेरी. कापायच्या आधी तो मला पँटवर पुसायचा आणि बायकोला हाक मारायचा, "म्हातारे, मोजा आण." युदिताच्या फाटक्या पातळ मोज्यांच्या पट्ट्यांनी तो कलम बांधायचा. ती म्हणायची, "माझे पाय उघडे नि तुझी झाडं मोजे घालून." सगळा जन्म हेच बोलणं.

मग युदिताच्या हाडांत दुखणं शिरलं. ते बरं होणारं नव्हतं, डॉक्टरांनी तसं तोंडावर सांगितलं. दुखायचं थांबावं म्हणून दिलेल्या गोळ्या तिच्या पोटात टिकत नव्हत्या. तेव्हा कुणीतरी ज्युराला गांजाचं बी दिलं. त्यानं मक्याच्या आड चार रोपं वाढवली, त्यांची बोंडं आलुबुखाराच्या दारूत मुरवली, आणि ते थेंब तिला पाजायला लागला.

थेंबांनी दुखणं गेलं नाही. पण पाजले की थोड्या वेळानं ती हसायची. भिंतीवरच्या घड्याळाला म्हणायची, "काय गं, पाय दुखत नाहीत का तुझे?" मग पावावर चरबी आणि लाल तिखट लावून मागायची. खायची आणि झोपायची. ज्युरा तिच्या उशाशी बसून माझ्या पात्यानं सफरचंद सोलायचा. त्या उन्हाळ्यात मला तेवढंच काम होतं आणि ते मला फार गोड वाटायचं.

कुणी सांगितलं देव जाणे. मिशो पोलीस आला. ज्युराच्याच चेऱ्या चोरून मोठा झालेला. त्याची मान खाली होती.

"ज्युराकाका, उपटावी लागतील."

"तुझी काकू आत आहे. तिला विचार आणि मग उपट."

मिशो आत गेला नाही. झाडं उपटली, अंगणात जाळली, बाटलीसुद्धा नेली. न्यायाधीशबाईंनी वय बघून ज्युराला घरी पाठवलं, पण बजावलं की पुन्हा सापडलात तर तुरुंग. ज्युरा तुरुंगात गेला असता तर युदिताला कुशीवर कोण वळवणार होतं? ना मूल, ना बाळ. शेजारीण दार वाजवून सूप ठेवायची, तेवढंच.

थंडीभर तिचं कण्हणं ऐकत तो चुलीपाशी बसला. मिठाच्या डब्यात थोडं बी उरलं होतं. वसंत आल्यावर त्यानं मला पँटवर पुसलं आणि म्हणाला, "म्हातारे, मोजा आण." मग ती उठू शकत नाही हे आठवून स्वतःच आणला.

त्याचा बेत असा. गांजाची रोपं भिंतीलगत लावायची, वीतभर झाली की शेंडा उडवायचा, आणि त्या खुंटावर हॉपची काडी बांधायची. खाली मुळं गांजाची, वर पानं हॉपची. मिशोला दिसेल हॉप. गांजाचा रस मुळातून वर चढेल आणि हॉपच्या बोंडांत उतरेल.

युदिता खाटेवरून सगळं ऐकत होती. "रानटी खुंटावर तू गोड नासपती बांधलीस," ती म्हणाली, "लागलं काय?"

"गोड नासपती."

"मग?"

"हे झाड वेगळं आहे. सख्ख्या बहिणी आहेत त्या."

"बहिणीच्या पायांवर उभी राहिले म्हणून मी काय माझी बहीण होते?"

"तू गप गं. पडून राहा."

जन्मभर दुसऱ्यांच्या बागांत जाऊन तो हीच गोष्ट समजावत आला होता, की खुंट कुठलाही असो, फळ वर बांधलेल्या काडीचं लागतं. त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. ते ठाऊक असणं त्याला परवडत नव्हतं.

पहिली कलमं काळी पडली. दुसरी सुकली. मऊ देठ, माझ्या धारेखाली चिरडायचा. त्यानं मला दगडावर इतकं घासलं की माझं पातं झिजून पातळ झालं. शेवटी एका कलमानं जीव धरला. पट्टी सोडली तेव्हा सांधा फुगून एकजीव झाला होता. ज्युरा खिडकीतून ओरडला, "म्हातारे, धरलं!" तिनं उशीवरूनच टाळ्या वाजवल्या.

उन्हाळ्यात वेल छपरापर्यंत गेली. मिशो एकदा डोकावला, एक बोंड चुरडून हुंगलं आणि म्हणाला, "हॉपच आहे की, काका." तो गेल्यावर ज्युरा किती तरी वेळ एकटाच हसत होता.

बोंडं मुरली. त्यानं पहिले थेंब पाजले आणि तिच्या तोंडाकडे बघत बसला. मी खाटेशेजारच्या स्टुलावर होते. युदितानं डोळे मिटले. जरा वेळानं उघडले, घड्याळाकडे बघितलं आणि हसली. "काय गं, पाय दुखत नाहीत का तुझे?"

ज्युरानं तोंड फिरवून डोळे पुसले. मग ती म्हणाली, "चरबी लावून पाव दे. तिखट जास्त." तो पळतच गेला. तिनं एक घास तोंडात धरला आणि ज्युरा बाहेर गेल्यावर रुमालात काढला.

"सुरी इथंच असू दे," तो परत आल्यावर ती म्हणाली. "सफरचंद खावंसं वाटलं तर सोलीन."

भूक लागायला लागली, म्हणून तो हरखला. रोज दुपारी थेंब पाजायचा, तिचं हसणं बघायचा आणि वेलीला पाणी घालायला जायचा. त्याची पावलं अंगणात गेली की ती मला उचलायची, पातं मिटायची आणि माझी मूठ दातांत धरायची. मूठ लाकडाची, म्हणून टिकली. घाम तिच्या कानांमागून उशीवर ओघळायचा. बाहेर तो वेलीशी बोलायचा, ते आत ऐकू यायचं. पावलं परत वळली की ती मला चादरीला पुसून स्टुलावर ठेवायची.

सफरचंद एकही सोललं गेलं नाही.

हॉपची पानं पिवळी पडायच्या सुमारास ती गेली. शेवटच्या दिवशीही घड्याळाशी बोलली.

तिला पुरून आल्यावर ज्युरा वेल छाटायला निघाला. मला उचललं, सवयीनं पँटवर पुसलं, आणि त्याचा अंगठा मुठीवर थबकला. तो मला खिडकीच्या उजेडात घेऊन गेला. लाकडात खड्डे होते, वरच्या बाजूला आणि खालच्या बाजूला. युदिताचा पुढचा एक दात तुटका होता, तिथली जागा रिकामी होती.

त्यानं एकेका खड्ड्यावरून अंगठा फिरवला. मग रिकाम्या खाटेकडे बघून हळूच म्हणाला, "हॉपच लागला होता गं, म्हातारे."

वेल त्यानं छाटली नाही. मला मिटून तिच्या एप्रनच्या खिशात ठेवलं. एप्रन दारामागे टांगलेला आहे आणि मी अजून तिथंच आहे. आता मी कलम बांधत नाही. तो अधूनमधून येतो, खिशात हात घालतो, एकेका खड्ड्यावर अंगठा टेकवतो आणि जातो.

उद्या तोही जाईल. कुणीतरी घर आवरायला येईल, मला बाहेर काढेल आणि म्हणेल, पातं चांगलं आहे, मूठ तेवढी घासून गुळगुळीत करू या. बाबांनो, पाहिजे तर पातं काढा, नवं बसवा. मूठ घासू नका.