पहिला डार्ट सुटेपर्यंत

गुरुवार उजाडला की माझ्या घशाखाली घास उतरत नाही. माझं कोपर कामातून गेल्यापासून मी स्वतः खेळत नाही, पण ‘ब्लू ड्रेक’ पबच्या डार्ट टीमची कॅप्टन अजून मीच, आणि खेळणाऱ्याला नसतो एवढा ताप न खेळणाऱ्या कॅप्टनला असतो. नऊ माणसं गोळा करायची. एकाची भट्टीवर रात्रपाळी निघते, एकाची सासू नेमकी गुरुवारीच आजारी पडते, आणि एक गाढव हमखास आपले डार्ट बसमध्ये विसरून येतं. आठ वाजता माणूस कमी पडला तर तो डाव समोरच्यांना फुकट जातो. निकालाच्या कार्डावर दोन्ही कॅप्टनच्या सह्या घेऊन ते शनिवारच्या आत लीगच्या सेक्रेटरीला पोचवायचं, नाहीतर दंड. शिवाय पाहुण्या टीमला खाऊ घालायचं. आमच्या बर्सलेम गावात हरलं तरी चालतं, पण सँडविच कोरडी निघाली तर वर्षभर ऐकावं लागतं.

हे सगळं मी हसत निभावलं असतं. पण सिरिल.

सिरिल माझा नवरा. एके काळी याच्याशी डाव निघाला की समोरचा आधी एक ग्लास जास्त प्यायचा. मागच्या वर्षीच्या शरदापासून याचा हात अडकायला लागला. डार्ट टाकायच्या रेघेशी उभा राहतो, हात वर जातो, कोपर वाकतं, आणि डार्ट बोटांतून सुटतच नाही. जुना नळ गंजून बसतो तसा हात जागच्या जागी. पुन्हा खाली घेतो, पुन्हा वर नेतो. डॉक्टरांनी हात पाहिला, म्हणाले, हाताला काही नाही. आमच्यात याला डार्टायटिस म्हणतात, आणि म्हणणारा आपल्याला ते लागू नये म्हणून लगेच लाकडाला हात लावतो. घरी मात्र हा माणूस झकास टाकतो. मी कामावरून मागच्या गल्लीतून येते तेव्हा मोरीच्या दाराआडून ठक, ठक, ठक ऐकू येतं. मी आत येऊन कोट टांगेपर्यंत तो चहाचं आधण ठेवत असतो. म्हणून माझी खात्री होती, याला लोकांची नजर बाधते.

सोमवारी टीममधले तिघं घरी आले. बोलला कीथ. कीथ आमचा राखीव खेळाडू, तिशीचा, हात चांगला, जीभ त्याहून तेज. त्याचं म्हणणं, सिरिलबद्दल सगळ्यांना आदर आहे, पण प्रत्येक गुरुवारी एक डाव आपण हातानं देतो. या गुरुवारी हात अडकला तर सिरिलनं बसावं, आणि मग बसूनच राहावं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण कीथचं चुकत होतं असं कुठल्या तोंडानं म्हणू? संध्याकाळी सिरिलला सांगितलं तर म्हणाला, “बरोबर आहे त्यांचं.” एवढंच. कपबशांचा कारखाना बंद पडल्यापासून हा माणूस आठवड्यातून एकदाच दाढी करून घराबाहेर पडतो. गुरुवारी. तो गुरुवारही गेला तर खुर्चीत बसून भिंतीकडे बघत बसेल, हे मला दिसत होतं, आणि त्या भीतीनं तीन रात्री मी कूस बदलत होते.

गुरुवारी पाहुणी टीम, ‘रेड गेट’ पबवाले, वेळेवर आले. आमच्यात कोण कोणाशी खेळणार हे आधी कुणालाच माहीत नसतं. दोन टोप्यांत चिठ्ठ्या टाकायच्या आणि एकेक काढत जायचं. मी मनातल्या मनात म्हणत होते, देवा, सिरिलचं नाव लवकर काढ. लवकर निघालं म्हणजे जे काय व्हायचं ते होऊन जातं, लोक अजून दारूकडे बघत असतात. चिठ्ठ्या निघत गेल्या. सिरिलची निघाली सगळ्यांत शेवटी, आणि समोरून डग शेरॅट, त्यांचा कॅप्टन. म्हणजे संध्याकाळभर वाट पाहायची.

वाट पाहणं काय असतं ते मला विचारा. मी गुणांचा फळा पुसला, पुसलेला परत पुसला. स्वयंपाकघरात जाऊन सँडविच मोजली, ओल्या फडक्यानं झाकली, परत उघडून पाहिली. पबची मालकीण ग्वेन म्हणाली, बाई, त्या पावाला तरी जरा श्वास घेऊ दे. सिरिल कोपऱ्यात बसून डार्टांची पिसं नीट करत होता आणि अर्ध्या ग्लासापुढे जात नव्हता. जास्त प्यावी तर नेम जातो, कमी प्यावी तर हात थरथरतो. आमचे डाव एक जिंकला, एक हरला, असं करत करत आठ झाले, आणि आठाअखेर बरोबरी. चारास चार.

डगनं टॉस जिंकला, आधी तीन डार्ट टाकले, पंच्याऐंशी गुण. खडू आमच्या गुण लिहिणाऱ्या आल्बीकडे होता, त्यानं लिहिलं. मी नेहमीच्या जागी, फळ्याच्या बाजूला, बारच्या कडेशी.

सिरिल रेघेशी आला. हात वर गेला.

आणि थांबला. खाली आला, वर गेला, थांबला. बोलणं हळूहळू बंद झालं. हेच तर वाईट. कुणी हसलं असतं तर मी त्याचं थोबाड रंगवलं असतं, पण चांगली माणसं होती, सगळी आपापल्या ग्लासात बघत होती. डगही बुटांकडे बघत होता. सिरिलच्या मानेवरून घाम ओघळला. मी डोळे फाडून बघत होते, दात आवळून, जणू माझ्या बघण्यानंच तो डार्ट सुटणार होता.

तेवढ्यात कीथ माझ्याजवळ आला. हळू बोलला, पण त्या शांततेत हळू कसलं. “कॅप्टन, पहिला डार्ट अजून सुटलेला नाही.”

लीगचा नियम आहे. खेळाडूचा पहिला डार्ट सुटेपर्यंत कॅप्टनला माणूस बदलता येतो. एकदा सुटला की नाही. सिरिलला हा नियम पाठ. त्यानं हात खाली घेतला, वळला आणि माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती हो त्यात. तू म्हणशील तसं, एवढंच होतं. ते मला सोसवेना.

“ज्याची चिठ्ठी निघाली तोच खेळेल,” मी म्हणाले, आणि पाठ फिरवून स्वयंपाकघरात गेले. दार ओढून घेतलं. सुरी घेऊन डुकराचं मांस भरलेली, कचोरीसारखी ‘पोर्क पाय’ कापायला लागले. डोळ्यांतलं पाणी तिच्यावर पडू नये म्हणून मान वर करून.

ठक.

माझी सुरी थांबली. ठक. ठक. बाहेरून आल्बीचा आवाज आला, “साठ.”

मी सुरी टाकून दाराकडे धावले. जागेवर येऊन उभी राहिले तोवर डगचं टाकून झालं होतं आणि सिरिल परत रेघेशी होता. हात वर गेला आणि अडकला. मघासारखाच. बघवेना म्हणून परत आत गेले, दार पुरतं लागलंही नव्हतं तोच ठक, ठक, ठक. “शंभर,” आल्बी म्हणाला, आणि लोकांनी टेबलं बडवली.

तिथे, कांद्याच्या लोणच्याची बरणी हातात घेऊन, मला कळलं. लोकांची नजर नव्हती ती. त्या खोलीतली सगळी माणसं तशीच बसली होती. फक्त मी कमी झाले होते.

ग्वेन माझ्याकडे बघत होती. तिलाही कळलं असावं. तिनं फक्त माझ्यापुढे लोणी आणि पाव सरकवला. मी लोणी लावत राहिले. बाहेर फळ्यावरचे उरलेले आकडे शून्याकडे उतरत होते, आल्बी एकेका फेरीचे गुण पुकारत होता. एक्क्याऐंशी. सव्वीस, आणि कुणीतरी हळहळलं. पंच्याण्णव. माझे पाय दाराकडे ओढ घेत होते, अक्षरशः टेबलाचा पाय धरून उभी होते. सबंध वर्ष ज्याची वाट पाहिली ते दोन पावलांवर चाललं होतं आणि मला बघायची बंदी, आणि बंदी घालणारीही मीच. डाव संपवायला डगला डबल सोळा, म्हणजे सोळाच्या बाहेरच्या अरुंद कड्यात एक डार्ट, हवा होता, तिन्ही चुकले, हे ओरडण्यावरून कळलं. मग आल्बी म्हणाला, “सिरिल, चाळीस उरले.” मग काहीच ऐकू आलं नाही. मग एक ठक, आणि छप्पर उडेल असा गलका.

जिंकला. आणि त्या सबंध पबात तो डार्ट ज्यांनी पाहिला नाही त्या आम्ही दोघीच, मी आणि ग्वेन.

कीथनंच त्याला मिठी मारली म्हणे. थोड्या वेळानं सिरिल आत आला, चेहरा लालबुंद, डार्ट अजून मुठीत. ग्वेन ताटं उचलून बाहेर गेली. तो सिंकशी टेकून उभा राहिला. मी पावाला लोणी लावत राहिले, वर बघायची मला भीती वाटत होती.

“मी बघत होते म्हणून सुटत नव्हता ना?” मी विचारलं.

त्यानं मान हलवली आणि मुठीतले डार्ट सिंकच्या कडेला ठेवले.

“केव्हापासून माहीत आहे तुला?”

“पहिल्या दिवसापासून,” तो म्हणाला. “चुकला की तुझं तोंड एवढंसं होतं, हेझ. टाकायच्या आधीच मला ते दिसायला लागलं.”

माझा संतापच झाला. अख्खं वर्ष. अख्खं वर्ष हा माणूस गावाच्या देखत हात वर करून खांबासारखा उभा राहिला, कीथसारख्यांचं ऐकून घेतलं, डॉक्टरांपुढे बाही वर केली, आणि एक वाक्य तोंडातून काढलं नाही.

“मग बोलला का नाहीस, मेल्या? एका शब्दात मिटलं असतं.”

“मिटलं असतं,” सिरिल म्हणाला. “तू यायची बंद झाली असतीस.”