रुळापाशी स्तुती

“हलू नकोस. मांस कापलं जाईल.”

थोरलीने बहिणीचा डावा पंजा गुडघ्यावर दाबून धरला आणि अंगठ्याच्या नखाला नेलकटर लावलं. धाकटीला तेवढा एकच हात उरला होता. उरलेल्या हाताची नखं त्याच हाताने कापता येत नाहीत, हे दोघींना इस्पितळातून घरी आल्यावर कळलं. बटणं दातांनी लावता येतात, भांडी कशीबशी घासता येतात. नखं नाही.

“काप की. एवढं गेलं, त्यात चिमूटभर आणखी.”

“तोंड आवर.”

“तोंडच तर धड उरलंय.”

दार उघडंच होतं. उंबऱ्यात धुलाईघराच्या मालकीणबाई उभ्या होत्या, हातात सफरचंदांची पिशवी. बाई वाईट नव्हती, आणि तीच तर खरी अडचण होती. वाईट असती तर चार शिव्या हासडून मोकळं होता आलं असतं. धाकटीला आत नेलं तेव्हा ही बाई इस्पितळाच्या फरशीवर गुडघे टेकून रडत प्रार्थना करत होती. रडणं खरं होतं. चादरींना इस्त्री करणाऱ्या तापलेल्या रुळावरची संरक्षक जाळी तिनेच काढायला लावली होती, तेही खरं होतं. ओल्या चादरी जाळीत अडकायच्या आणि कामाचा खोळंबा व्हायचा.

“प्रभूची स्तुती असो,” बाई म्हणाल्या आणि खाटेच्या कडेला टेकल्या. “कशी आहेस गं?”

“निम्मं काम, पूर्ण आराम,” धाकटी म्हणाली.

बाईंना हसावं की नाही ते कळेना. त्या थोरलीकडे वळल्या.

“तुमच्याशिवाय गाणं उभं राहत नाही हो. मुकादम सुरुवात करतो, पण तो गातोय की खोकतोय तेच समजत नाही. बायका नुसत्या ओठ हलवतात. सोमवारपासून याल का?”

थोरली नेलकटर उघडमीट करत राहिली.

इस्पितळांच्या चादरी त्या धुलाईघरात यायच्या. रक्ताच्या, ओकारीच्या, नुकत्याच गेलेल्या माणसाखालून ओढून काढलेल्या. रविवारी चर्चमध्ये हात वर करायचे आणि सोमवारी कुरकुरत चादरी पिळायच्या, याला काय ख्रिस्तीपण म्हणायचं, असं मालकीणबाईंनी एकदा सगळ्यांना विचारलं होतं. तेव्हापासून रोज सकाळी पाळी गाण्याने सुरू व्हायची. यंत्रं चालूच. रूळ थांबवला तर थंड पडतो, आणि काम व स्तुती वेगळी कशाला ठेवायची?

थोरलीला ते मनापासून पटलं होतं. गाणं उचलायला आवाज तिचाच. घाणीत कोपरापर्यंत हात घालून तिने स्तुतिगीतं गायली होती, आणि त्या घाणीचा तिला विसर पडला होता. खोटं नव्हतं त्यात काही.

“हानी झाली म्हणून देवाची स्तुती थांबवायची का?” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “पोरंबाळं, धन सगळं गमावून ईयोबाने थांबवली नाही.”

“बाई,” धाकटी म्हणाली, “जाळी बसवली का?”

“माणूस माप घेऊन गेलाय.”

“माप माझ्याकडे मागायचं ना. माझ्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक आहे?”

बाईंनी पिशवीतली सफरचंदं उगाच एकेक करून ताटात मांडली.

“माझ्या जागेवर कोण आहे आता?”

“नवी मुलगी आलीय. गुणी पोर आहे. आराधना काय करते! डोळे मिटून, अगदी मोठमोठ्याने.”

बाई उठल्या, दोघींच्या डोक्यावर हात ठेवून पुटपुटल्या आणि निघाल्या.

“सोमवारी वाट बघते,” त्यांनी दारातून सांगितलं.

“मी जाणार नाही,” बाईंची पावलं जिन्यावर विरल्यावर थोरली म्हणाली.

“का?”

“गळा बसलाय.”

“गळ्याला काय धाड भरलीय? परवा खालच्या म्हातारीशी भांडलीस तेव्हा अख्खी गल्ली बाहेर आली होती.”

थोरलीने मधलं बोट पकडलं. नख कापलं गेलं नाही, नेलकटर निसटलं.

त्या दिवशी ती रुळाच्या पलीकडे होती, घड्या घालायच्या टेबलापाशी. मध्ये लटकत्या चादरींचा पडदा. अलीकडे धाकटी ओल्या चादरीची कड रुळात सरकवत होती. नवरा सोडून गेल्यापासून धाकटी गाण्याच्या वेळी तोंड घट्ट मिटून उभी राहायची. चर्चमध्येही, कामावरही. तिचं तोंड उघडू दे, एवढंच मागणं थोरली रोज मागत होती. धृपदाला बायकांना भरून यायचं. कुणी रडायची, कुणी जोरात हालेलुया म्हणायची. त्या दिवशी धृपदातच चादरींमागून आरोळी आली.

आवाज थोरलीने ओळखला होता. पाठची बहीण, तिचा आवाज ओळखणार नाही? उघडलं गं, तिच्या मनात आलं, उघडलं एकदाचं. तिचे डोळे भरून आले. तिने दोन्ही हात वर केले आणि धृपद पुन्हा घेतलं, एक सूर चढवून. सगळ्या बायका मागोमाग चढल्या.

मग रुळातून चादर टेबलावर आली. छान इस्त्री झालेली. तिच्यावरचा रक्ताचा डाग गरम होता आणि सुकलेला.

“ताई, तू धृपद पुन्हा घेतलंस,” धाकटी म्हणाली.

थोरलीचे हात थांबले.

“मी ओरडले आणि तू सूर चढवलास. मला वाटलं, येईल आता. एवढं धृपद संपलं की येईल.”

“तुला...”

“आवाज तुझाच होता. रूळ बंद होईपर्यंत तोच ऐकत होते मी.”

“मला वाटलं, तू...”

“ठाऊक आहे तुला काय वाटलं. रोज माझ्या उशाशी बसून मोठ्याने मागायचीस ना? मी झोपलेली नसायचे.”

खाली रस्त्यावर कुणाची तरी गाडी सुरू होत नव्हती. घरघरायची आणि बंद पडायची. थोरलीची मान वर होईना. धाकटीने तिच्या हातातला पंजा काढून घेतला नाही. तो तसाच गुडघ्यावर पडून राहिला.

“करंगळी राहिलीय,” धाकटी म्हणाली.

थोरलीने करंगळीचं नख कापलं. कापलेले तुकडे पदरात गोळा केले.

“आता तू जाच,” धाकटी म्हणाली. “ती नवी मोठमोठ्याने आराधना करते म्हणे.”

सोमवारी थोरली घड्यांच्या टेबलाकडे गेली नाही. ती रुळाच्या अलीकडच्या भिंतीपाशी, रूळ थांबवायच्या लाल बटणाखाली मुकादम बसायचा तिथे जाऊन उभी राहिली.

“ताई, तुमची जागा तिकडे,” मुकादम म्हणाला.

“आजपासून इथे.”

“मग मी कुठे बसू?”

“बसताच कशाला?”

बायका फिस्सकन हसल्या. मुकादमाने स्टूल उचललं. रूळ फिरत होता, वाफ छतापर्यंत गेली होती. जाळी बसलेली नव्हती. थोरलीने तळवा लाल बटणावर टेकवला आणि गाणं सुरू केलं. आवाज गंजल्यासारखा निघाला, मग मोकळा झाला. बायकांनी तो उचलला. पूर्वी ती डोळे मिटून गायची. आज उघडे ठेवले होते. ती नव्या मुलीची मनगटं बघत होती, बारीक, रुळाच्या तोंडाशी ये-जा करणारी. मुलीचे डोळे मिटलेले होते.

धृपद आलं आणि मुलीच्या गळ्यातून आरोळी फुटली.

थोरलीने बटण दाबलं.

रूळ कण्हत थांबला. गाणं तुटलं. काचेच्या खोलीतून मालकीणबाई धावत आल्या.

“काय झालं? काय झालं?”

“काही नाही,” मुलगी घाबरून म्हणाली. “मी... मला भरून आलं. मी स्तुती करत होते.”

“हात वर कर,” थोरली म्हणाली. “दोन्ही. बोटं पसर.”

मुलीने हात वर केले. कुणी सांगितलं नव्हतं, पण शेजारणीनेही केले, मग तिच्या शेजारणीने, मग सगळ्यांनीच. थोरलीने ओळीने सगळे हात बघितले.

“अहो, असं दर आरोळीला थांबवलं तर रूळ थंड पडेल,” मालकीणबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “चादरी केव्हा व्हायच्या?”

“पडू दे थंड.”

तिने धृपद पुन्हा घेतलं, या खेपेला एक सूर खाली. रुळाची घरघर नव्हती, त्यामुळे प्रत्येकीचा आवाज वेगळा ऐकू येत होता. कोण बेसूर होती, कोण रडत होती, कोणाचं तोंड मिटलेलं होतं, सगळं. बटण सोडल्याशिवाय रूळ फिरणार नव्हता, आणि थोरलीने तळवा उचलला नाही.